चकमकीत मृत्यू, चौकशीही झाली, पण आरोपपत्र नाही: फाइल नेमकी अडते कुठे?

टिपकागद (धागाकर्ता)

पोलिसांच्या गोळीने माणूस मरतो. चौकशी लागते, अहवालात शंका घेतली जाते, पेपरात दोन दिवस मथळे येतात आणि पुढे कुणावरच खटला उभा राहत नाही. मग 'वरून दाबलं' म्हणून लोक मोकळे होतात. दाबलं जातही असेल. पण दाबायची वेळच येऊ नये अशी कागदांची मांडणी आधीपासून आहे का, हे मला इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. पहिला एफआयआर कुणाविरुद्ध होतो, तपास कोण करतं, फॉरेन्सिकमध्ये काय बघायचं आणि नातेवाइकांनी किंवा तिऱ्हाइताने कुठला अर्ज कुठे द्यायचा, एवढ्यावरच बोलू.

'मेला तो गुंडच होता' आणि 'पोलिसांचं मनोधैर्य' या दोन विषयांसाठी कृपया वेगळा धागा काढा.

---

बोरूबहाद्दर

पहिल्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. चकमकीनंतर काही तासांत जो एफआयआर होतो त्यात फिर्यादी असतो गोळीबार करणाऱ्या पथकातलाच एखादा अधिकारी, म्हणजे सरकारतर्फे फिर्याद. आरोपी असतो मेलेला माणूस. कलम खुनाच्या प्रयत्नाचं (पूर्वी भादंवि ३०७, आता भारतीय न्याय संहिता १०९), जोडीला शस्त्र कायदा आणि सरकारी कामात अडथळा. मृत्यूची नोंद वेगळी, 'अकस्मात मृत्यू' म्हणून. म्हणजे एक माणूस गोळीने मेला आणि त्या मारण्याबद्दल संशयित कोण, हा रकाना कुठल्याच कागदावर नाही.

आता या फाइलचं पुढे काय होतं बघा. आपल्याकडे तपास बंद करायला कोर्टाकडे समरी, म्हणजे फाइल बंद करण्याची मंजुरी, मागतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही तर 'ए', फिर्याद जाणूनबुजून खोटी तर 'बी', गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची तर 'सी'. आणि आरोपीच मयत असेल तर 'अबेटेड समरी'. चकमकीच्या फाइलला ही शेवटची अगदी फिट बसते. आरोपी मेला, कारवाई संपली, न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंजुरी दिली की बस्ता बांधून रेकॉर्ड रूमला. एका ओळीचा आदेश पुरतो.

याला हरकत कोण घेणार? भगवंत सिंग (१९८५) निकालाप्रमाणे पोलीस तपास बंद करत असतील तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी मूळ खबर देणाऱ्याला नोटीस देऊन ऐकून घ्यावं लागतं. इथे खबर देणारा पोलीसच, तो कशाला हरकत घेईल? मृताच्या नातेवाइकांना अशी नोटीस मिळण्याचा हक्क त्याच निकालात नाही. ते स्वतःहून हजर झाले तर त्यांचं ऐकावं, एवढंच आहे. पण तारीख कुठल्या कोर्टात लागली आहे हे त्यांना सांगतं कोण?

म्हणून 'खटला का चालवला नाही' हा प्रश्नच जरा चुकतो. ज्यात पोलीस आरोपी आहेत अशी फाइल उघडलीच गेलेली नसते.

---

वारकरी_७

पण सुप्रीम कोर्टाने एफआयआर सक्तीचा केला आहे ना? पीयूसीएल (नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र सरकार, १६ मुद्दे?

---

ओवी

केला आहे, आणि गोम त्याच वाक्यात आहे. २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल, न्या. लोढा आणि न्या. नरिमन. मूळ विषय १९९५ ते १९९७ मधल्या मुंबई पोलिसांच्या ९९ च्या आसपास चकमकींचा, ज्यांत सुमारे १३५ माणसं मेली. निकाल म्हणतो, गोळीबारात मृत्यू झाला तर 'तशा अर्थाचा' एफआयआर नोंदवून कोर्टाकडे पाठवावा. कुणाविरुद्ध, हे स्पष्ट शब्दांत नाही. त्यामुळे मृताविरुद्धचा एफआयआर दाखवून 'मुद्दा १ ते ३ पूर्ण' असं प्रतिज्ञापत्र करता येतं, आणि केलं जातं.

बाकीच्या मुद्द्यांपैकी प्रत्यक्षात तपासून बघण्यासारखे हे:

तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा, आणि देखरेख करणारा अधिकारी चकमकीतल्या पथकप्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. कागदावर तपास सीआयडीकडे जातो, पण पहिला पंचनामा, पहिली जप्ती, पहिले जबाब त्याच ठाण्याने उरकलेले असतात. सीआयडीच्या हाती येतो तो आधीच आकार दिलेला मजकूर. तेव्हा तपास कधी वर्ग झाला याची तारीख आणि वेळ विचारा.

शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं, त्यातला एक शक्यतो जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख, आणि पूर्ण व्हिडिओ चित्रण जपून ठेवायचं. गोळीबार करणाऱ्यांनी आपली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. घटनेनंतर लगेच शौर्यपदक किंवा बिनपाळीची बढती नाही. डायरीच्या नोंदी, पंचनामे, नकाशा कोर्टाकडे विनाविलंब जायला हवेत.

आणि फारसा कुणी न वापरलेला शेवटचा मुद्दा: ही पद्धत पाळली गेली नाही असं कुटुंबाला वाटलं तर थेट सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. हायकोर्टातच जावं लागतं असं नाही.

---

खडूस_काका

एक बाजू मांडतो, शिव्या नकोत. गोळी झाडणाऱ्या हवालदारालाही स्वसंरक्षणाचा हक्क आहे, न्याय संहितेची ३४ ते ४४ कलमं त्यालाही लागू आहेत. दंडाधिकारी चौकशीत उलटतपासणी होत नाही, त्या अहवालावर कुणाला खुनी ठरवणं म्हणजे कोर्टाचं काम पेपरवाल्यांनी करण्यासारखं. उत्तर प्रदेशातल्या विकास दुबे या गुंडाच्या चकमकीत न्या. चौहान आयोगाने पोलिसांना दोष दिला नाही. प्रत्येक चकमक खोटी असं धरून चालू नका.

---

ओवी

काका, स्वसंरक्षणाचा हक्क कुणीच नाकारत नाही. प्रश्न तो कुठे सिद्ध करायचा याचा आहे. स्वसंरक्षण हा अपवाद आहे, आणि अपवाद दाखवायचा भार तो सांगणाऱ्यावर, साक्ष अधिनियम कलम १०८ (जुनं १०५). तोही संशयापलीकडे नाही, 'हे असं घडलं असण्याचा संभव जास्त' एवढा दाखवला तरी पुरतो. म्हणजे खरा पोलीस खटल्यातून सुटायला फार अवघड नाही. पण हा निर्णय तपास अधिकारीच फाइलवर करून टाकतो, तिथे घोडं पेंड खातं. अटकेच्या कलमातही (नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे ना.सु.सं. ४३, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४६) स्पष्ट आहे, मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसेल तर अटक करताना जीव घेण्याचा अधिकार मिळत नाही.

अहवाल म्हणजे निकाल नव्हे, हे तुमचं बरोबर. पण अहवालात दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर सुप्रीम कोर्टाच्या ललिता कुमारी निकालाने एफआयआर बंधनकारक आहे. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातल्या आरोपीच्या मृत्यूत हेच झालं. घटना २३ सप्टेंबर २०२४, मुंब्रा बायपास, पोलिसांची व्हॅन. (पीयूसीएल निकालाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती.) जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने व्हॅनमधल्या पाच पोलिसांकडे बोट दाखवलं, तरी एफआयआर नव्हता. मधल्या काळात आईवडिलांनी प्रकरण पुढे चालवायचं नाही असं सांगितलं. हायकोर्टाने न्यायमित्राच्या (कोर्टाने मदतीला नेमलेल्या वकिलाच्या) साहाय्याने सुनावणी चालू ठेवली आणि ७ एप्रिल २०२५ ला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमण्याचा आणि गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. नातेवाईक मागे हटले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, हा त्यातला कामाचा भाग.

---

पुंगळी

फॉरेन्सिकवर लिहितो. लोक 'गोळ्या किती लागल्या' याच्यापुढे जात नाहीत, आणि खरी कुलंगडी बाहेर येतात ती हिशेबातून.

सुरुवात शस्त्रागाराच्या रजिस्टरपासून. कुणाला कोणतं शस्त्र, कुठला क्रमांक, किती राउंड दिले, परत किती आले. दिलेले वजा परत आलेले म्हणजे झाडलेले. हा आकडा एफआयआरमधल्या 'मी दोन राउंड झाडले' याच्याशी जुळला पाहिजे. मग पंचनाम्यातल्या पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं. इथे एक साधी गोष्ट: पिस्तूल प्रत्येक गोळीमागे पुंगळी बाहेर फेकतं, रिव्हॉल्व्हर फेकत नाही, ती सिलिंडरमध्येच राहते. रिव्हॉल्व्हरने झाडलं म्हणताय आणि जमिनीवर पुंगळ्या पडल्यात, तर सिलिंडर कुणी, कधी आणि कशाला रिकामं केलं? मृताकडे देशी कट्टा दाखवतात तेव्हाही हेच. सिंगल शॉट कट्टा दर गोळीला मोडून, पुंगळी काढून परत भरावा लागतो. 'आरोपीने तीन गोळ्या झाडल्या' असं लिहिलं असेल तर किमान दोन पुंगळ्या बाहेर हव्यात, तिसरी नळीत चालेल. आणि समोर चार-पाच पिस्तुलं रोखलेली असताना त्याला भरायला उसंत मिळाली, हे पटवून द्यावं लागतं.

अंतर. हँडगनची नळी कातडीला टेकलेली असेल तर जखमेची कड फाटते, काजळी आत जाते. साधारण ३० सेंटिमीटरच्या आत काजळी दिसते, दारूच्या न जळलेल्या कणांचे ठिपके (टॅटूइंग) त्याच्या पुढे, ढोबळमानाने ६० ते ९० सेंटिमीटरपर्यंत. त्यापलीकडे फक्त भोक आणि घासलेली कड. हे आकडे शस्त्र आणि काडतुसाप्रमाणे बदलतात, म्हणून त्याच शस्त्राने, त्याच लॉटच्या काडतुसांनी टेस्ट फायर करून कापडावरचा नमुना जुळवायचा. 'आरोपी पंधरा-वीस फुटांवरून गोळीबार करत होता' आणि जखमेभोवती टॅटूइंग, असं असेल तर गोष्ट तिथेच संपली.

पण कपडे अंगावर असतील तर काजळी कपड्यावर अडते, कातडी स्वच्छ दिसते. म्हणून शर्ट जप्त झाला का, कसा बांधला, हे बघा. रक्ताने ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की बुरशी धरते आणि लॅबचा शेरा येतो 'निष्कर्ष काढता येत नाही'. सावलीत वाळवून, कागदात गुंडाळून लाखबंद करायचा, एवढं साधं काम. ते कितीदा चुकतं हे कुठल्याही सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टच्या गठ्ठ्यात दिसेल.

हातावरचे कण, म्हणजे शिसं, बेरियम, अँटिमनी. मृताचे हात जागेवरच कागदी पिशवीत बांधले पाहिजेत. शवागारात नेताना हात पुसले, धुतले, की संपलं. जिवंत माणसाच्या हातावरून हे कण काही तासांत झडतात, त्यामुळे पोलिसांचे हॅन्ड स्वॅब दुसऱ्या दिवशी घेतले तर 'निगेटिव्ह' येणारच. आणि बंद गाडीत गोळी सुटली असेल तर आत बसलेल्या सगळ्यांच्या अंगावर कण उडतात. तिथे मृताच्या हातावर कण सापडले म्हणून त्याने गोळी झाडली असं ठरत नाही. दोन्ही बाजू या चाचणीवर नको तेवढा भर देतात.

---

वारकरी_७

बदलापूरच्या अहवालात पिस्तुलावर मृताचे ठसे नव्हते हा मुद्दा आला होता. तो निर्णायक नाही का?

---

पुंगळी

एकटा नाही. पिस्तुलाची मूठ खडबडीत असते, स्लाइडवर तेल असतं, घाईत धरलेल्या हाताचा ठसा पुसट उमटतो. वापरण्याजोगा ठसा न मिळणं नेहमीचं आहे. ट्रिगर आणि मुठीवरून डीएनए स्वॅब घेतला का, हा जास्त चांगला प्रश्न. त्याहून चांगला: हिसकावलं असं म्हणतात ते पिस्तूल नेताना कोणत्या स्थितीत होतं? चेंबर रिकामं असेल तर स्लाइड जोराने मागे ओढल्याशिवाय गोळी सुटत नाही, सेफ्टी असेल तर ती काढावी लागते. बेड्या घातलेल्या, शस्त्र कधी हाताळलेलं नाही अशा माणसाने झटापटीत हे सगळं केलं का, याचं प्रात्यक्षिक त्याच गाडीत, तेवढीच माणसं बसवून करता येतं. गोळीचा मार्ग आणि गाडीच्या पत्र्यातलं भोक सळईने जुळवलं की कोण उभं होतं, कोण बसलेलं, हेही कळतं.

शवविच्छेदनाआधी पूर्ण शरीराचा एक्स-रे झाला का, तेही विचारा. एक गोळी आत राहिली आणि अंत्यसंस्कार उरकले, तर ती कुठल्या नळीतून सुटली हे कधीच कळणार नाही. नातेवाइकांवर अंत्यसंस्काराची घाई लादली जाते तेव्हा अडून बसायचं ते याच्यासाठी.

---

टिपकागद

पुंगळी, अप्रतिम प्रतिसाद. आता कागदपत्रांचं सांगा कुणीतरी. कशाची मुदत आधी संपते?

---

बोरूबहाद्दर

सगळ्यात आधी जातं दुकानांचं, सोसायट्यांचं सीसीटीव्ही. डीव्हीआरची डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, बऱ्याच ठिकाणी पंधरवडा ते महिनाभर. म्हणून पहिल्या आठवड्यातच लेखी पत्र द्यायचं: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक कॅमेरा, चित्रण जपून ठेवा. एक प्रत तपास अधिकाऱ्याला, एक कोर्टाला. नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी घेऊन भागत नाही, साक्ष अधिनियम कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा) आली पाहिजे. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांसाठी परमवीर सिंग सैनी (२०२०) निकालाने किमान एक वर्षाची साठवण सांगितली आहे, शक्यतो १८ महिने. 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तर दुरुस्तीची नोंदवही मागा.

कॉल रेकॉर्ड मोबाइल कंपन्यांना दोन वर्षं ठेवावे लागतात. ते मागवायचा अधिकार तपास यंत्रणेचा किंवा कोर्टाचा, आपला अर्ज फक्त 'जतन करा आणि मागवा' असा. पथकातल्या प्रत्येकाचं टॉवर लोकेशन, गाडीचं लॉगबुक, नियंत्रण कक्षाच्या नोंदी आणि ठाण्याची स्टेशन डायरी, ही चार एकमेकांसमोर ठेवली की खोटं फार वेळ उभं राहत नाही.

लखनभैया नावाच्या माणसाच्या चकमकीतल्या मृत्यूचं प्रकरण याच जोरावर टिकलं. ११ नोव्हेंबर २००६, वर्सोवा. पोलीस सांगत होते की संध्याकाळी चकमक झाली. पण वकील असलेल्या भावाने त्याच दिवशी, त्या वेळेच्या आधी, त्याला उचलून नेल्याच्या तारा आणि फॅक्स वरिष्ठांना पाठवून ठेवले होते. वेळेचा शिक्का बसलेला तो कागद कुणाला मागाहून तयार करता येत नव्हता. तरी एसआयटी यायला २००९ उजाडलं, तीही हायकोर्टाच्या आदेशाने. खटल्यात साक्ष तोंडावर असताना मार्च २०११ मध्ये मुख्य साक्षीदार बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी धरलं, त्यांत १३ पोलीस. तेव्हा निर्दोष सुटलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाही मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली.

आज तारा नाहीत. कुणी घरातून उचलून नेलं तर ११२ ला फोन, आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना, जिल्हा न्यायाधीशांना, मानवी हक्क आयोगाला ईमेल, त्याच तासात. मजकूर चार ओळींचा पुरे: कोण, कुठून, किती वाजता, गाडी कुठली.

---

खडूस_काका

मानवी हक्क आयोगाकडून काही होतं का हो? मला तर ते टपाल खातं वाटतं.

---

ओवी

अगदीच तसं नाही. आयोगाच्या २०१० च्या सूचनांप्रमाणे चकमकीतल्या मृत्यूची खबर जिल्ह्याने ४८ तासांत द्यायची असते आणि तीन महिन्यांत सविस्तर अहवाल, शवविच्छेदन आणि बॅलिस्टिकसकट. त्यामुळे इतर कुठे न मिळणारे कागद तिथल्या फाइलमध्ये एकत्र सापडतात. पण आयोग शिफारस करतो, खटला भरत नाही. आणि घटनेला एक वर्ष उलटलं की तक्रारच घेत नाही.

चौकशी आयोगांचंही तेच. हैदराबादजवळ ६ डिसेंबर २०१९ ला बलात्कार-खून प्रकरणातले चौघे आरोपी चकमकीत मारले गेले, न्या. सिरपूरकर आयोगाने दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा असं २०२२ मध्ये सांगितलं. सुप्रीम कोर्टाने अहवाल तेलंगणा हायकोर्टाकडे पाठवला. म्हणजे पुन्हा एक नवी सुनावणी.

---

वारकरी_७

आणि सरकारची परवानगी? २१८ का काय ते?

---

बोरूबहाद्दर

यात दोन गोष्टींची गल्लत होते, मुद्दाम केली जाते असं माझं मत. पूर्वमंजुरी (ना.सु.सं. २१८, जुनं १९७) कोर्टाने दखल घेताना लागते. एफआयआरला आणि तपासाला लागत नाही. 'मंजुरी आली नाही म्हणून गुन्हा नोंदवला नाही' हे उत्तर लेखी घ्या आणि कोर्टात लावा. नव्या कायद्यात सरकारला १२० दिवस आहेत, निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. लष्कराचा विषय वेगळा, तिथे अफ्स्पाचं (सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याचं) कलम ६, त्यात मुदतच नाही. नागालँडमधल्या ओटिंगच्या गोळीबारात (डिसेंबर २०२१) राज्याच्या एसआयटीने ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कारवाई बंद केली.

नव्या संहितेत खरी अडचण १७५(४) ची आहे. ठाण्याने एफआयआर घेतला नाही की १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, पोच घ्यायची, मग १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह. हे जुन्या १५६(३) सारखंच. पण आरोपी सरकारी नोकर असेल आणि कर्तव्य बजावताना घडलं असं म्हणत असेल, तर आदेश देण्याआधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल आणि त्याचं म्हणणं विचारात घ्यायचं. म्हणजे तपास सुरू व्हायच्या आधीच समोरच्याला आपली बाजू कागदावर बसवायला वेळ मिळतो. म्हणून हा अर्ज मोघम करू नका. शस्त्रागार रजिस्टर, सीसीटीव्ही, शस्त्रं, कपडे, हे सगळं जतन करण्याची मागणी त्याच अर्जात वेगळी विनंती म्हणून घाला.

---

टिपकागद

आणि समरी आधीच मंजूर झाली असेल तर? एखादं पाच-सात वर्षं जुनं प्रकरण?

---

ओवी

खुनाला मुदतीचा कायदा लागत नाही, त्यामुळे उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. अबेटेड समरी मृताविरुद्धच्या गुन्ह्यापुरती. पोलिसांविरुद्धची तक्रार हा वेगळा गुन्हा, त्यावर ती आड येत नाही. आधी समरीच्या आदेशाची आणि सगळ्या जोडपत्रांची नक्कल काढा.

---

पुंगळी

नक्कल काढताना आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात मुद्देमालाचं काय लिहिलंय ते आधी वाचा. नेहमीचा मजकूर असतो: सरकारी शस्त्रं संबंधित शाखेला परत, काडतुसं आणि पुंगळ्या नियमाप्रमाणे जमा, कपडे निरुपयोगी म्हणून नष्ट. पिस्तूल एकदा वापरात परत गेलं, साफसफाई झाली, नळी बदलली, की तुलना कशाशी करणार? आदेश झाला असला तरी अंमलबजावणी झालेली नसते असं पुष्कळदा होतं, मुद्देमाल कोठडीत तसाच पडलेला असतो. मुद्देमाल कारकुनाकडून स्थिती लेखी घ्या आणि त्याच दिवशी स्थगितीचा अर्ज टाका.